नळी काढल्याशिवाय शिबिर संपत नाही

सांगली जिल्ह्यातील आरोग्य अधिकारी, मूतखडा शिबिरांचे आयोजक आणि मूत्रविकारांवर उपचार करणारे शल्यचिकित्सक यांस खुले पत्र

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या आठवड्यात जतच्या बाजारात मी एक फलक पाहिला. ‘मूतखड्यावर मोफत, बिनटाक्याची शस्त्रक्रिया. रेशन कार्ड व आधार कार्ड सोबत आणावे. नावनोंदणी सुरू.’ तो फलक मी दोनदा वाचला, कारण गेल्या वर्षी भाद्रपदात अशाच एका शिबिरात माझ्या धाकट्या भावाचा मूतखडा काढला गेला आणि आज त्याची डावी किडनी जवळजवळ निकामी झालेली आहे. ती खड्याने गेली नाही. खडा काढल्यावर आत ठेवलेल्या आणि सात महिने कोणीही न काढलेल्या नळीने ती गेली. नव्या शिबिराला माझा विरोध नाही, कारण ज्याच्या खिशात एस.टी.च्या तिकिटापुरतेही पैसे नसतात त्याला शिबिराचा केवढा आधार असतो हे मी जन्मभर पाहत आले आहे. परंतु मागच्या शिबिरातील रुग्णांचे पुढे काय झाले याची विचारपूसही न करता नवे शिबिर जाहीर व्हावे, हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. आमचे गाव जत तालुक्याच्या पूर्वेला, संख-उमदीच्या बाजूला आहे. तिथून सांगली-मिरज शंभर किलोमीटरहून लांब पडते. भाऊ ४६ वर्षांचा आहे. चार एकर जिराईत, दोन जनावरे आणि ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोचा एक कोयता, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. मागच्या शिबिरात सोनोग्राफी झाली, डाव्या किडनीत १४ मिलिमीटरचा खडा दिसला, चार दिवसांनी शहरातील एका रुग्णालयात दुर्बिणीने तो फोडून काढला आणि तिसऱ्या दिवशी त्याला घरी सोडले. ज्या डॉक्टरांनी हे काम केले त्यांच्या हाताला मी दोष देत नाही. खडा खरोखरच निघाला होता आणि कित्येक वर्षे अधूनमधून कुशीत उठणारी कळ थांबली होती. भावजयीने गावदेवाला नारळ फोडला.

घरी सोडताना त्याला “तीन आठवड्यांनी दाखवायला या” एवढे सांगण्यात आले. आमच्याकडे ‘दाखवायला या’ याचा अर्थ ‘त्रास झाला तर या’ असा घेतला जातो, हे आमच्या भागात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला ठाऊक असायला हवे. टाके घातले असतील तर माणूस ते काढून घ्यायला निमूट जातो, कारण टाका डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. इथे तर बिनटाक्याचे म्हणूनच ऑपरेशन झालेले. टाकाच नाही, तर परत जायचे कशासाठी, असे त्याला वाटले आणि त्याच्या जागी असलेल्या कोणालाही तसेच वाटले असते. पोटात वीतभर लांबीची नळी आहे, हे त्याला समजेल अशा शब्दांत कोणी सांगितले नाही. रुग्णालयाच्या कार्डावर ते लिहिलेले होते, पण इंग्रजीत आणि तेही आद्याक्षरांत. ते कार्ड त्याच्या ट्रंकेत राहिले. ते मी मागून पाहायला हवे होते. तसे मी केले नाही, याची बोच मला आयुष्यभर राहील.

मुकादमाची उचल घेतलेली असल्याने दिवाळीच्या तोंडावर टोळीबरोबर तो वाळव्याकडच्या फडात गेला. तिथे दिवसभर मोळ्या वाहिल्यावर संध्याकाळी लघवी लालसर व्हायची, जळजळ व्हायची, घडीघडीला जावे लागायचे. फोनवर मी विचारले की म्हणायचा, “अक्का, उन्हाळी लागलीय, दुसरं काय न्हाई.” मी धण्या-जिऱ्याचे पाणी आणि हुलग्याचे माडगे सांगत राहिले. हंगामात एका दवाखान्यात त्याचे रक्त तपासले, किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ठीक आले आणि सगळे निर्धास्त झाले. एक किडनी बिघडत असताना दुसरी तिचे काम उचलून धरते, त्यामुळे रक्ताचा अहवाल बराच काळ चांगला दिसू शकतो, हे मला फार उशिरा कळले.

गुढीपाडव्यानंतर तो थंडी वाजून तापाने फणफणत घरी आला. साध्या एक्स-रेमध्ये सगळे दिसले. नळीच्या वरच्या वेटोळ्यावर बोराएवढा आणि मूत्राशयातील वेटोळ्यावर लिंबाएवढा खडा धरला होता. आधी पाठीतून किडनीत वेगळी नळी घालून पू वाहता करावा लागला, ताप उतरल्यावर मूत्राशयातील खडा फोडला, मग पाठीतून छिद्र पाडून वरचा खडा काढला आणि त्यानंतरच ती नळी बाहेर आली. वेळेवर केले असते तर दहा-पंधरा मिनिटांत झाले असते, त्या कामाला दोन महिने लागले आणि तीनदा भूल द्यावी लागली. आता स्कॅनच्या अहवालानुसार दोन्ही किडन्यांच्या एकूण कामापैकी डावीच्या वाट्याला ११ टक्केच काम उरले आहे. ती ठेवायची की काढायची, याचा निर्णय व्हायचा आहे.

या नळीविषयी लोकांच्या मनात भीती बसावी अशी माझी इच्छा नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून जे समजले ते इथे लिहिते. तिला डीजे स्टेंट म्हणतात. १९७८ पासून वापरात असलेली ही मऊ नळी सुमारे दोन मिलिमीटर जाड आणि मोठ्या माणसासाठी २५ सेंटीमीटरच्या आसपास लांब असते. ती जागेवरून सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना वेटोळे असते, एक किडनीत बसते आणि दुसरे मूत्राशयात. दुर्बीण आत-बाहेर केल्यावर मूत्रवाहिनीला सूज येते, खड्याचे कण अडकू शकतात, आणि अशा वेळी लघवी तुंबू नये म्हणून ही नळी ठेवतात. ती उपयोगाची आहे, पण पाहुणी आहे. बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत ती निघायला हवी, कारण लघवीतील क्षार तिच्यावर बसू लागतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या दहा नळ्यांपैकी जेमतेम एकीवर क्षार जमलेले आढळले होते, तर बारा आठवड्यांनंतर काढलेल्या चारांपैकी तीन नळ्यांवर. माझ्या भावाची नळी सात महिने आत होती, आणि तोही उन्हात राबणारा, पाणी कमी मिळणारा माणूस.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार फलकावरील शब्दांची आहे. ‘बिनटाका’, ‘चिरफाडीविना’ हे शब्द दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी आणि शरीरात काहीही न घालता बाहेरून आघात लहरींनी खडा फोडण्याच्या उपचारासाठी सरसकट वापरले जातात. हे दोन उपचार एक नव्हेत. आघात लहरींनी माणसाचा खडा पहिल्यांदा फोडला गेला तो १९८० साली म्युनिकमध्ये, आणि त्यात खरोखरच शरीरात दुर्बीण घालावी लागत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत भूल द्यावी लागते, उपकरण आत जाते आणि बऱ्याचदा नळी मागे राहते. टाका नसला तरी ती शस्त्रक्रियाच आहे. लोकांना धीर वाटावा म्हणून वापरलेल्या शब्दांनी त्यांना बेसावध केले, हे आपण मान्य करावे.

दुसरी तक्रार पर्यायांविषयी आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा पाणी आणि औषधांवर आपोआप पडून जातात. किडनीतील दोन सेंटीमीटरपर्यंतच्या बऱ्याच खड्यांना आघात लहरींचा उपचार देता येतो, मात्र खडा फार टणक असेल किंवा किडनीच्या तळाशी बसलेला असेल तर यश कमी मिळते. गर्भवतीला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याला किंवा लघवीत जंतुसंसर्ग असताना तो देत नाहीत. दोन सेंटीमीटरहून मोठ्या खड्यासाठी पाठीतून छिद्र पाडून दुर्बीण घालणे हा प्रस्थापित मार्ग आहे. माझ्या भावाचा १४ मिलिमीटरचा खडा यांपैकी एकाहून अधिक उपचारांत बसणारा होता. आघात लहरींसाठी दोन-तीन खेपा कराव्या लागू शकतात, फुटलेले कण वाटेत अडकू शकतात, आणि शंभर किलोमीटरवरून येणाऱ्या माणसाला ते परवडले नसते. त्यामुळे दुर्बिणीचा निर्णय कदाचित योग्यच असेल. परंतु तो निर्णय त्याच्यापुढे मांडला गेला नाही. ज्या शिबिरात एकाच उपचाराची सोय असते, तिथे तपासणीला आलेला प्रत्येक जण त्याच उपचाराला योग्य ठरतो की काय, अशी शंका मग मनात येते. कोणता उपचार, त्याला पर्याय काय, धोके काय आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे सांगून घेतलेली संमतीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलेले आहे. सुश्रुतसंहितेतही अश्मरीची म्हणजे मूतखड्याची शस्त्रक्रिया सांगताना, न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास संशय, म्हणून आधी परवानगी घेऊनच ती करावी, असे बजावले आहे. ज्या जिल्ह्यात मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे केले, जिथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कर्नाटकातूनही लोक विश्वासाने उपचारांना येतात, त्या जिल्ह्यात संमती म्हणजे कोऱ्या छापील कागदावरचा अंगठा असू नये.

तिसरी तक्रार नोंदीची. कोणाच्या शरीरात नळी ठेवली, ती कधी काढायची आणि काढली की नाही, याची यादी मी शिबिराच्या आयोजकांकडे आणि त्या रुग्णालयाकडे मागितली. शिबिराची वही शिबिराबरोबर संपली, असे मला तोंडी सांगण्यात आले. भावाचे कागद मिळवायला पाच आठवडे लागले. वास्तविक वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेले कागद ७२ तासांत द्यायचे असतात.

चौथी गोष्ट अंतराची आहे. नळी काढायला रुग्णालयात राहावे लागत नाही. सुन्न करणारी जेली लावून, मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण घालून ती काही मिनिटांत निघते. तरीही त्यासाठी आमच्या माणसाला पहाटेची गाडी, एका दिवसाची मजुरी, सोबतच्या माणसाची मजुरी आणि तिथे गेल्यावर ‘याचे पैसे वेगळे’ हे उत्तर, एवढे सगळे सोसावे लागते. आमच्या ओळखीतील एकजण हे उत्तर ऐकून तसाच परत आला होता.

आणखी एक गोष्ट मला थोडक्यात नोंदवायची आहे. प्रोस्टेटच्या त्रासाने लघवी अडलेल्या म्हाताऱ्यांना घातलेल्या कॅथेटरच्या नळ्याही आमच्या वाड्या-वस्त्यांवर अशाच बिनतारखेच्या लटकत असतात. पिशवी गळेपर्यंत किंवा ताप येईपर्यंत ती नळी कोणी बदलत नाही, आणि औषधांनी किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती कायमची निघू शकेल का, हेही कोणी विचारत नाही. शरीरात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला काढण्याची तारीख आणि काढणारा माणूस ठरलेला असावा, हे तत्त्व तिथेही लागू आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

नव्या शिबिराच्या आधी मागच्या शिबिरातील प्रत्येक रुग्णाचा शोध घ्यावा. ज्याला नळी काढल्याचे नक्की सांगता येत नाही, त्याचा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पोटाचा साधा एक्स-रे काढावा. ही नळी एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसते, त्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. ज्यांची नळी आत आहे त्यांची ती मोफत काढावी आणि जाण्या-येण्याचा खर्च द्यावा.

यापुढे प्रत्येक शिबिराला आणि प्रत्येक रुग्णालयाला नळीची नोंदवही ठेवणे बंधनकारक करावे. त्यात ठेवल्याची तारीख, काढण्याची तारीख, दोन फोन क्रमांक आणि पाठपुरावा करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव असावे. शेवटची नळी निघाल्यावरच शिबिर पूर्ण झाल्याचा अहवाल द्यावा. गावातील आशा सेविकेकडे ही यादी जावी, आणि या कामाचा तिला वेगळा मोबदला मिळावा. लसीकरणाला एकही मूल चुकू नये म्हणून त्या घरोघर फिरतात, मग त्याच घरातील नळीची तारीख त्यांच्याकडून चुकणार नाही. परंतु विनामोबदला आणखी एक ओझे त्यांच्या डोक्यावर टाकू नये.

घरी सोडताना रुग्णाला मराठीत, आणि आमच्या पूर्व भागात कन्नडमध्येही, मोठ्या अक्षरांत छापलेले कार्ड द्यावे. त्यावर ‘तुमच्या पोटात नळी आहे. ती या तारखेला काढायची आहे. न काढल्यास किडनी जाऊ शकते’ एवढी तीन वाक्ये असली तरी पुरे. ती वाक्ये त्याला आणि घरातील एका माणसाला वाचून दाखवावीत व त्यांच्या तोंडून परत ऐकावीत. वर्गात धडा समजला की नाही हे मी याच पद्धतीने पाहत असे.

नळी काढण्याचा खर्च मूळ उपचारातच धरावा, मग तो शिबिराचा असो, योजनेतला असो की रोखीचा. जत किंवा कवठेमहांकाळ येथे महिन्यातून एक दिवस मूत्ररोग तज्ज्ञ दुर्बीण घेऊन येतील अशी व्यवस्था करावी, म्हणजे शंभर किलोमीटरची खेप वाचेल.

शिबिराच्या काळाचाही विचार व्हावा. भाद्रपदात शस्त्रक्रिया करून दिवाळीला टोळ्या फडावर जाणार असतील, तर नळी काढण्याची तारीख आणि उचल यांची गाठ पडणारच, आणि त्यात उचल जिंकणारच. गुढीपाडव्यानंतर लोक गावी परततात आणि पेरणीपर्यंत हाताशी असतात. ते दोन महिने या शिबिरांसाठी योग्य आहेत. भाद्रपदातच घ्यायचे असेल, तर टोळ्या निघण्यापूर्वी नळ्या काढण्याचा दिवस फलकावरच छापावा.

आणि शेवटी, काढलेल्या खड्याची तपासणी करून तो कशाचा होता हे रुग्णाला सांगावे. खबरदारी घेतली नाही तर साधारण निम्म्या लोकांना दहा वर्षांत पुन्हा खडा होतो, म्हणून दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, मीठ कमी करावे आणि दूध बंद करू नये, हा सल्ला त्याला समजेल अशा भाषेत द्यावा. फडावर काम करणाऱ्याला एवढे पाणी कुठून मिळणार, हा प्रश्न साखर कारखान्यांनाही विचारावा लागेल, आणि तो आपण विचारावा. आडोशाची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या, लघवी रोखून धरणाऱ्या बायकांसाठी तर तो अधिकच निकडीचा आहे.

गेल्या पंधरा दिवसांत मी आमच्या आणि शेजारच्या दोन गावांत घरोघर फिरले. मागच्या शिबिरात शस्त्रक्रिया झालेले नऊजण भेटले. सहाजणांनी नळी काढून घेतली होती, दोघांना नळी ठेवलीच नव्हती. नववी एक विधवा शेतमजूर बाई आहे. तिला नळी हा शब्दही माहीत नव्हता. ‘ऑपरेशनपासून लघवीला जळजळतंय’ एवढेच ती सांगत होती. परवा मी तिला सोबत नेऊन एक्स-रे काढला. नळी आत आहे आणि खालच्या वेटोळ्यावर क्षार धरू लागले आहेत. ठेवल्याला आता अकरा महिने झाले. तिचे नाव, एक्स-रे आणि जुने कार्ड या पत्राच्या आपल्याकडे पाठवलेल्या प्रतीसोबत बंद पाकिटात जोडले आहे. नव्या शिबिराची नावनोंदणी पुढे नेण्याआधी तिला बोलावणे यावे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तालुका जत, जिल्हा सांगली